बाहेर पाणी, आत फोडणी

आपल्याकडे आगीची सगळी तयारी लाल रंगावर संपते. बादली लाल आहे, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत 'फायर' लिहिलंय आणि ती भिंतीतल्या आकड्याला टांगलेली आहे, एवढं झालं की इमारत सुरक्षित. बादलीत काय आहे हे विचारणारा माणूस खवचट समजला जातो. तो खवचटपणा मी पुष्कळ केलाय. नाट्यगृहं, बँका, सरकारी कचेऱ्या, जिथे बादली दिसली तिथे टाचा उंचावून आत डोकावलोय. वाळू क्वचित. विड्यांची थोटकं, चहाचे कप आणि तंबाखूचा चोथा हमखास. एका कचेरीत तर बादलीत तुळस लावली होती आणि ती छान फोफावली होती.

आमची सोसायटी बादलीच्या पुढे गेलेली आहे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीव संरक्षक उपाययोजनांचा २००६ सालचा कायदा आहे. त्याप्रमाणे दर जानेवारीत आणि जुलैत इमारतीची यंत्रणा ठणठणीत असल्याचा दाखला 'नमुना ब'मध्ये द्यावा लागतो, आणि आमचे सेक्रेटरी तो न चुकता देतात. यंत्रणेतला पाइप त्या वेळी तळमजल्यावर कुणाची तरी गाडी धूत असतो. जिन्यात तीन सायकली, एक पाळणा आणि ज्याच्यावर कुणीच हक्क सांगत नाही असा एक मोडका कमोड. मी एकदा सभेत विचारलं, "आग लागली तर या जिन्यानं उतरायचं कसं?" सेक्रेटरी म्हणाले, "लिफ्ट आहे की."

अशा कडक शिस्तीत वाढलेले आम्ही चौघे ॲमस्टरडॅमला तरंगत्या घरात राहायला गेलो.

मुलगी आणि जावई तिथून जवळच ॲम्स्टलव्हेनला राहतात. त्या गावात आता इतकी आपली माणसं आहेत की कढीपत्त्यावाचून कुणाचं अडत नाही. पण त्यांच्या फ्लॅटला बेडरूम एकच, आणि पाहुणे चार: मी, आमची ही, हिचे दादा म्हणजे माझे मेव्हणे, आणि वहिनी. म्हणून जावयांनी शहराच्या पूर्वेला, जुन्या गोद्यांच्या बाजूला, एक हाऊसबोट भाड्यानं घेतली. कालव्यांत आणि गोद्यांत मिळून त्या शहरात अशा अडीच हजारांच्या आसपास बोटी आहेत. लोक त्यांत जन्मभर राहतात, गच्चीत कुंड्या ठेवतात, दाराला पत्रपेटी लावतात.

"बोटीवर आगीचे नियम जरा कडक असतात हं बाबा," मुलीनं विमानतळावरच सांगितलं.

"पाण्यावर कसली आलीय आग?" मेव्हणे म्हणाले. कुठल्याही गोष्टीत धोका नाही हे ते पाच मिनिटांत सिद्ध करून देतात. बँकेत ते कर्ज मंजूर करायच्या खात्यात होते.

बोटीचे मालक दारातच उभे होते. सत्तरी ओलांडलेले, दाराच्या चौकटीपेक्षा उंच, उभा जन्म जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढलेला. आम्हाला वाटलं, किल्ली देतील, चहाची पावडर कुठे आहे ते सांगतील आणि जातील. त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि फाइल उघडली.

परक्या घरात शिरल्यावर माणूस पहिल्यांदा काय शोधतो, हा माझ्या आवडीचा विषय आहे. आमची ही बाथरूममध्ये मग आहे का ते बघते. वहिनी कुकर शोधतात. मेव्हण्यांना वायफायचा पासवर्ड लागतो. हॉटेलच्या खोलीच्या दारामागे बाहेर पडायच्या वाटांचा जो नकाशा असतो, तो वाचलेला मराठी माणूस मला अजून भेटायचाय. आपण त्याच्या खिळ्याला टॉवेल टांगतो. मालकांचं शास्त्र उलटं होतं. बाहेर कसं पडायचं हे कळल्याशिवाय आत यायचं नाही.

"ही खिडकी," ते म्हणाले, "पुढचं दार पेटलं तर हिच्यातून निघायचं. उघडून दाखवा."

मेव्हण्यांनी उघडली.

"आता निघून दाखवा."

मेव्हण्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "पुढचं दार पेटणार नाही."

मग छतावरचे धूरशोधक झाले. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०२२पासून प्रत्येक घराच्या प्रत्येक मजल्यावर ते असायलाच हवेत. इथे मेव्हण्यांनी हुशारीनं हरकत घेतली, की हे घर नाही, ही बोट आहे. मालकांचे डोळे लकाकले. एवढ्या वर्षांत कुणा पाहुण्यानं त्यांना हा प्रश्न विचारला नसावा. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं, तेव्हाच मी समजलो की चहा लांबला.

झालं असं, की हाऊसबोट म्हणजे जहाज की इमारत, हे त्या देशात कैक वर्षं नीटसं ठरलेलं नव्हतं. २०१४ साली तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठानं निकाल दिला, की एका जागी राहण्यासाठीच ठेवलेली हाऊसबोट ही इमारत आहे. लोक रात्री बोटीत झोपले आणि सकाळी इमारतीत उठले. मग परवाने आले, बांधकामाचे नियम आले, बोटवाल्यांची पळापळ झाली. शेवटी १ जानेवारी २०१८पासून नवा कायदा करून जुन्या बोटींना सांभाळून घेतलं, आणि जी खरोखर प्रवासाला निघते ती जहाज, जी बसून राहते ती इमारत, अशी वाटणी झाली. या न्यायानं आमचे मेव्हणे निवृत्तीपासून इमारतच आहेत.

हा वाद आपल्याकडे झाला असता तर? बंदर खात्यानं महापालिकेकडे बोट दाखवलं असतं, महापालिकेनं बंदर खात्याकडे बोट दाखवलं असतं, आणि या दोन बोटांच्या मधल्या बोटीत आरामात एक हॉटेल, एक मंगल कार्यालय आणि एक क्लास चालला असता.

"इमारत म्हणजे, कार्पेट एरिया किती?" मेव्हण्यांनी विचारलं.

मालकांनी तो सांगितला, आणि वर हेही सांगितलं की वरचं घर लाकडी असलं तरी खालचा तळ सिमेंट काँक्रीटचा आहे.

"काँक्रीट तरंगतं?"

"तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

मेव्हणे हळूच पलंगावर बसले. पलंगही काँक्रीटवरच होता, पण बोललं नाही कुणी.

गॅसची पाळी आली तेव्हा वहिनी पुढे सरसावल्या, कारण हा आपला प्रांत. सिलिंडर आत नव्हताच. तो बाहेर डेकवर एका पेटीत बंद होता, आणि पेटीच्या बुडाला भोक होतं. मालकांनी कारण सांगितलं: स्वयंपाकाचा हा गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून निदान काही करता येतं. बोटीत तो खाली खाली उतरत तळाशी जातो, तिथून बाहेर पडायला वाट नसते, आणि मग तो ठिणगीची वाट पाहत बसतो. म्हणून तो गळलाच तर परस्पर बाहेर, पाण्यावर गळावा.

"आमचा सिलिंडर देव्हाऱ्याखाली असतो," वहिनी म्हणाल्या. "देवाचं लक्ष असतं."

मालकांनी याची फाइलमध्ये नोंद केली असावी, कारण त्यांनी काहीतरी लिहिलं खरं.

एवढं ऐकूनही मेव्हण्यांचा मूळ मुद्दा शाबूत होता. "पण समजा लागलीच आग, तर चारी बाजूंनी पाणी आहे की!"

"पाणी बाहेर आहे," मालक म्हणाले. "आग आत लागते."

आणि पाणी आत घेतलं तर काय होतं, ते सांगायला त्यांनी 'नॉर्मंडी' काढली. फ्रान्सचं हे जहाज, त्या काळातलं सगळ्यात देखणं. महायुद्धात अमेरिकेनं ते ताब्यात घेतलं आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर सैनिक वाहून नेण्यासाठी त्याची मोडतोड सुरू केली. ९ फेब्रुवारी १९४२ला एका कामगाराच्या गॅस-कटरची ठिणगी उडाली ती जीवरक्षक जाकिटांच्या ढिगावर. म्हणजे जीव वाचवायच्या वस्तूनं आधी पेट घेतला. जहाजाची स्वतःची आगविरोधी यंत्रणा कामासाठी बंद करून ठेवलेली. शहराचे बंब आले, तर त्यांच्या पाइपांची तोंडं फ्रेंच जोडण्यांना बसेनात. मग धक्क्यावरून आणि बंबबोटींतून पाण्याचा असा मारा केला, की आग आटोक्यात आली आणि जहाज वरच्या मजल्यांत साठलेल्या पाण्यानं कलू लागलं. ज्यानं ते जहाज आखलं तो व्लादिमिर युर्केविच न्यूयॉर्कमध्येच होता. तो धावत धक्क्यावर आला. तळाच्या झडपा उघडा, जहाज सरळच्या सरळ खाली गाळात बसेल, एवढंच त्याला सांगायचं होतं. पोलिसांनी त्याला आत सोडलं नाही. मध्यरात्र उलटल्यावर 'नॉर्मंडी' आडवी झाली.

मला त्या पोलिसाविषयी एकदम आपुलकी वाटली. 'पास दाखवा' हे वाक्य सगळ्या भाषांत एकाच चालीवर म्हणत असावेत.

"हे एकदाच झालं असेल," मेव्हणे म्हणाले.

मालकांनी लगेच दुसरं काढलं. 'क्वीन एलिझाबेथ' हे केवढं तरी जहाज निवृत्तीनंतर 'सीवाइज युनिव्हर्सिटी' नावानं तरंगतं विद्यापीठ व्हायचं होतं. जानेवारी १९७२मध्ये हाँगकाँगच्या बंदरात ते पेटलं, बंबबोटींनी पाणी मारलं, आणि त्या पाण्यानं तेही कलंडलं. विद्यार्थी काही त्यात बसले नाहीत. १९७४च्या जेम्स बाँडपटात मात्र त्याच्या सांगाड्याला काम मिळालं.

शेवटी आमच्याकडे वळून ते म्हणाले, "तुम्हाला मी काय सांगणार? तुमच्या मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये १४ एप्रिल १९४४ला काय झालं ते तुम्हाला माहीतच आहे." आम्ही चौघांनी माना हलवल्या. कापूस आणि स्फोटकं एकाच बोटीत भरली होती, आग विझवायला गेलेले बंबवाले गेले, आणि त्यांच्यासाठी आपण १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतो, हे सगळं त्या डच माणसाला पाठ. मेव्हण्यांना त्यातल्या फक्त सोन्याच्या विटा आठवत होत्या.

किल्ली मिळाली तेव्हा अंधार पडला होता.

बोटीत शिरायला काठावरून एक फळी टाकलेली. तिला फाइलमध्ये 'सुटकेचा मार्ग' म्हटलं होतं आणि तिच्यावर काडीही ठेवायची नव्हती. दुसऱ्या दिवशी मालक सायकलवरून सहज डोकावले, तर सुटकेच्या मार्गावर आठ चपला, चार बूट आणि कठड्यावर दोन पातळं वाळत. त्यांनी काही न बोलता नुसतं बोट दाखवलं.

"बाहेरच्या चपला घरात आणायच्या?" हिनं मलाच झापलं. "सांगा त्यांना, लक्ष्मी येते त्या दारातून."

मी इंग्रजीत एवढंच सांगितलं की एक महत्त्वाच्या बाई यायच्या आहेत. मालकांनी विचारलं, त्या राहणार आहेत का? कारण मुक्कामाला चारच जणांना परवानगी.

रात्री मेव्हण्यांना थंडी वाजली. स्वयंपाकघरातल्या लाल पेटीत घडी घातलेलं एक पांढरं ब्लँकेट त्यांनी दिवसाच हेरून ठेवलं होतं. पेटत्या कढईवर टाकून आग गुदमरवायचं ते ब्लँकेट काचेच्या धाग्यांचं असतं. पहाटेपर्यंत मेव्हणे ते पांघरून होते आणि पुढे संध्याकाळपर्यंत खाजवत होते. "आग लागली नाही ना?" ते प्रत्येकाला विचारत होते. "मग? काम केलं त्यानं."

पण खरा सामना झाला तो फोडणी आणि धूरशोधक यांच्यात. त्या डबीत प्रकाशाचा किरण असतो. त्याच्या वाटेत हवेतले कण आले की उजेड विखुरतो, आणि विखुरलेला उजेड दिसला की डबी बोंब मारते. कण पेटत्या सोफ्याचे आहेत की आमटीचे, एवढी अक्कल तिला दिलेली नसते. वहिनींनी तेल तापवलं, मोहरी तडतडली, हिंग-हळद पडली, आणि सुक्या मिरच्या पडताक्षणी छत किंचाळलं. एका डबीचं बघून दुसरी, दुसरीचं बघून तिसरी. त्या आपसांत जोडलेल्या असतात, हे पान आम्ही वाचलं नव्हतं. मेव्हणे वर्तमानपत्रानं छताला वारा घालू लागले. मी हवेसाठी सुटकेची खिडकी उघडली, तर बाहेरच्या राजहंसानं आत मान घातली आणि आमटीकडे पाहून फुसफुसला. तिसऱ्या मिनिटाला मालक सायकलवर हजर. त्यांच्या फोनवर इशारा गेला होता.

त्यांनी पातेल्यात डोकावून पाहिलं.

"हे चुकून झालं?"

"नाही," वहिनी म्हणाल्या, "रोज करतो."

त्यांनी खिडक्या उघडून, पंखा लावून, झाकण ठेवून फोडणी करायची रीत समजावली. झाकण ठेवून फोडणी! वहिनींनी त्यांच्याकडे करुणेनं पाहिलं. ते गेल्यावर हिनं प्रश्न कायमचा सोडवला. मुलीकडून आणलेली अंघोळीची गुलाबी फुलाफुलांची प्लास्टिकची टोपी तिनं स्टुलावर चढून स्वयंपाकघरातल्या डबीला घातली. डबी शहाण्या बाळासारखी गप्प झाली.

मधल्या काळात मालकांच्याच सांगण्यावरून आम्ही राइक्सम्युझियममध्ये यान फान डर हेयडन नावाच्या चित्रकाराची चित्रं बघून आलो. हा गृहस्थ सतराव्या शतकात ॲमस्टरडॅमच्या घरांची चित्रं काढायचा, तीसुद्धा वीट न् वीट दिसेल अशी. तोच तिथल्या अग्निशमनाचा मुख्य झाला आणि १६७२च्या सुमाराला भावाच्या साथीनं त्यानं आग विझवायचा चामडी पाइप तयार केला. त्याच्या आधी लोक रांगेनं उभे राहून चामड्याच्या बादल्या हातोहात पुढे द्यायचे. म्हणजे बादल्या त्यांच्याकडेही होत्या. त्यात तुळस लावायचं सुचलं नाही, म्हणून बिचाऱ्यांना पाइप शोधावा लागला.

मग सोमवार उजाडला. वहिनींनी कांदाभजीचा घाट घातला होता. गुलाबी टोपी जागेवर होती, तेल तापलं होतं, पहिला घाणा निघाला, दुसरा पडला, आणि घड्याळात बारा वाजताक्षणी अख्खं शहर ओरडायला लागलं. एक भोंगा नव्हे; या बाजूनं एक, पाण्यापलीकडून दुसरा, स्टेशनाकडून तिसरा. नेदरलँड्समध्ये दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता धोक्याचे भोंगे वाजवून बघतात. एक मिनिट सव्वीस सेकंद वाजतात आणि तिथला माणूस तेवढ्यात मान वर करून घड्याळ लावून घेतो. हेही फाइलमध्ये होतं.

"मेलं त्या टोपीनं घात केला," ही ओरडली. "इथलं दाबलं, ते गावभर फुटलं!"

तो तर्क तेव्हा आम्हाला पटला. मेव्हण्यांनी पासपोर्ट, विम्याचे कागद आणि बाकरवडीचं पाकीट घेतलं आणि सुटकेच्या मार्गावरून, चपला तुडवत, वयाला न शोभणाऱ्या वेगानं काठ गाठला. मागोमाग ही, मागोमाग मी. शेजारच्या बोटीतल्या बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. त्यांनी आम्हाला हात केला. भोंगे थांबले. आणि समोरून मालक सायकलवर आले.

आम्हाला ओळीनं काठावर उभं पाहून त्यांना गहिवरूनच आलं. "न सांगता सराव केलात!"

"करतो आम्ही," मेव्हणे म्हणाले. "महिन्यातून एकदा."

मालकांनी माणसं मोजली. तीन. "चौथ्या बाई?"

आतून वहिनींचा आवाज आला, "घाणा काढतेय! एवढा झाला की येते!"

पेटल्या जागी एक माणूस मागे राहतो, यासारखा गुन्हा त्यांच्या फाइलमध्ये दुसरा नव्हता. ते समज द्यायला आत निघाले. पण ही दारात आडवी. "बूट," ती म्हणाली, आणि बोट दाखवलं. एवढा थोरला माणूस मुकाट्यानं वाकला आणि ते होडीएवढे बूट त्यानं फळीवर काढून ठेवले. आत गेल्यावर समज द्यायला तोंड उघडलं, तर वहिनींनी त्यात भजं ठेवलं.

पाचव्या-सहाव्या भज्यानंतर त्यांची नजर वर गेली. गुलाबी टोपीकडे ते बराच वेळ पाहत राहिले.

"हे काय आहे?"

"सांगा, डास जातात आत," ही म्हणाली. मी सांगितलं नाही.

मालकांनी हात वर केला. त्यांना स्टूलही लागलं नाही. त्यांनी टोपी काढली, नीट घडी केली, खिशात ठेवली. वहिनींनी त्याच क्षणी पुढचा घाणा सोडला. छत किंचाळलं, दुसरी डबी किंचाळली, तिसरी किंचाळली, मालकांच्या खिशातला फोन किंचाळला, आणि जन्मभराच्या सवयीनं ते हातात बशी घेऊन सगळ्यांच्या आधी बाहेर धावले. धडपडले ते फळीवर, स्वतःच्याच बुटांना अडखळून.

मेव्हण्यांनी त्यांना हात देऊन उठवलं. मग अगदी गंभीरपणे, बँकेतल्या इंग्रजीत म्हणाले, "सुटकेच्या मार्गावर काडीही ठेवू नये, साहेब."